ग्रंथ कोणाच्या हाती? – ख्रिस्ती धर्मग्रंथ आणि स्त्री

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत सुरगाणा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





या वर्षावासात निरनिराळ्या धर्मांच्या ग्रंथांतील स्त्रीचे स्थान या विषयावर व्याख्याने ठेवायची असे मंडळाने ठरविले. मनुस्मृतीवर बोलायला वक्ते लगेच पुढे आले. ख्रिस्ती ग्रंथाचा विषय मात्र कोणी घेईना, म्हणून तो आमच्या वाट्याला आला. आम्ही धर्मपंडित नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत लिपिक म्हणून लागलो, एवढेच आमचे शिक्षण. परंतु हा विषय आम्ही नाकारला नाही, त्याला एक कारण घडले होते. ते आधी सांगतो.

२०२४ साली लाडकी बहीण योजनेचे पैसे काढण्यासाठी बायकांच्या रांगा लागल्या, ते दिवस आपल्याला आठवत असतील. त्या गर्दीत पाड्यावरची एक वयस्क कोकणा बाई आमच्या खिडकीशी आली. आम्ही सवयीने अंगठ्यासाठी शाईचे पॅड पुढे सरकविले. तिने ते बाजूला सारले आणि पेन मागितला. एकेक अक्षर जोडत तिने स्वतःचे नाव लिहिले. आम्ही विचारले, "मावशी, सही कुठं शिकलात?" ती म्हणाली, "प्रार्थनेला जाते ना. वचन वाचाया शिकले, मग नाव बी आलं." आम्हाला कौतुक वाटले. आम्ही म्हणालो, "म्हणजे आता तुम्ही लोकांना वचन सांगत असाल." ती हसली. "आम्ही गाणी म्हणतो. वचन बाप्ये सांगतात. बायांनी सभेत गप ऱ्हावं, असं लिव्हलंय म्हणं." आणि पैसे मोजता मोजता तिने विचारले, "तुमच्या विहारात कोण सांगतं, भाऊ?"

मागे रांग होती. आम्ही "पुढचे" असे म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही गेला नाही. शेवटी ओळखीच्या पाळकांकडून मराठी बायबल मागून आणले आणि ते वाचावयास घेतले. त्या वाचनात जे सापडले तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही येथे कोणाच्या श्रद्धेची टवाळी करण्यास उभे नाही. आपल्या तालुक्यात ख्रिस्ती झालेली आदिवासी कुटुंबे आपले शेजारी आहेत. जोतीरावांनी १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' या ग्रंथात एका आदर्श कुटुंबाची कल्पना मांडली. त्या घरातली बाई बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून बौद्ध होईल, तिचा पती बायबल वाचून ख्रिस्ती होईल, मुले आपापल्या मर्जीने आणखी वेगळा धर्म घेतील, आणि तरीही सारे एका घरात प्रेमाने राहतील. त्यात 'वाचून' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. त्या घरातली बाई कोणी सांगितले म्हणून धर्म घेत नाही, ती स्वतः वाचते.

आता ग्रंथाकडे वळू. बायबल हे एक पुस्तक दिसत असले तरी ती अनेक पुस्तकांची पेटी आहे. जुना करार हा यहुदी लोकांचा, नवा करार येशू आणि त्याच्या शिष्यांनंतरचा. शेकडो वर्षांत अनेक हातांनी तो लिहिला गेला. म्हणून त्यात एकच आवाज ऐकू येत नाही.

अगदी सुरुवातीचे उत्पत्तीचे पुस्तक घ्या. पहिल्या अध्यायात देव आपल्या प्रतिरूपाने माणूस निर्माण करतो, नर आणि नारी दोघेही एकदमच. तेथे कोणी आधी नाही, कोणी मागून नाही. दुसऱ्या अध्यायात मात्र आधी पुरुष होतो आणि त्याच्या फासळीपासून स्त्री घडते. तिसऱ्या अध्यायात हव्वा फळ खाते, आणि तिच्या वाट्याला प्रसूतीच्या वेदना व नवऱ्याची सत्ता येते. पुढे दोन हजार वर्षे चर्चच्या व्यासपीठावरून फासळी आणि फळ यांचीच कथा मोठ्याने सांगितली गेली. पहिल्या अध्यायातील बरोबरी त्याच पुस्तकात, त्याच्या आधीच्या पानावर होती. ती वाचण्याची गरज सांगणाऱ्यांना फारशी वाटली नाही.

लेवीय नावाचे पुस्तक तर आपल्याला ओळखीचे वाटेल. मुलगा झाला तर बाळंतीण एकूण चाळीस दिवस अशुद्ध, मुलगी झाली तर ऐंशी दिवस. मासिक पाळीत ती ज्यावर बसेल ते अशुद्ध, जो तिला शिवेल तोही अशुद्ध. देवाला नवस करताना माणसाचे मोल ठरविले आहे, त्यात वीस ते साठ वर्षांच्या पुरुषाचे पन्नास शेकेल आणि स्त्रीचे तीस. विटाळ कशाला म्हणतात हे आपल्या आईआजीला कोणी शिकवावे लागले नव्हते. आपण तर जन्मानेच विटाळ ठरलेली माणसे. म्हणून ही पाने वाचताना आमच्या मनात आले की मनूचे नातेवाईक साऱ्या जगात पसरलेले आहेत.

परंतु त्याच जुन्या करारात दबोरा नावाची स्त्री लोकांचा न्याय करते आणि लढाईचा निर्णय घेते. गणना नावाच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुलींची हकीकत आहे. बाप वारला, भाऊ नव्हता. वारसा चुलत्यांकडे जाणार होता. त्या पाच बहिणी मोशे आणि सारी मंडळी यांच्यासमोर उभ्या राहिल्या व आमच्या बापाचा वाटा आम्हाला द्या म्हणाल्या. देवाने निर्णय दिला की मुलींचे म्हणणे बरोबर आहे. पुढे त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावे अशी अट आली, आणि मुलगा असल्यास मुलीला वाटा नाही हेही राहिलेच. तरीसुद्धा बायका सभेत उभ्या राहून बोलल्या आणि कायदा बदलला, हे त्या जुन्या ग्रंथात नोंदले गेले आहे. या पाच बहिणींकडे आम्ही शेवटी पुन्हा येणार आहोत.

नव्या करारात येशू येतो आणि हवाच बदलते. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित एक बाई गर्दीत त्याच्या वस्त्राला शिवते. लेवीयाच्या नियमाने तो विटाळला. पण तो तिला हाकलीत नाही, 'मुली' म्हणून हाक मारतो. आणि योहानाच्या शुभवर्तमानात एक विहीर आहे. ती कथा आम्ही तीनदा वाचली.

भर दुपार. थकलेला येशू विहिरीवर बसला आहे. एक शोमरोनी बाई घागर घेऊन येते. यहुदी लोक शोमरोन्यांना हलके मानीत, त्यांच्याशी भांड्याकुंड्याचाही व्यवहार ठेवीत नसत. येशू तिला म्हणतो, मला प्यायला पाणी दे. ती चकित होते, की तुम्ही यहुदी, मी शोमरोनी बाई, आणि माझ्याकडे पाणी मागता? शिष्य परत येतात तेव्हा त्यांनाही नवल वाटते, गुरुजी एका बाईशी बोलत आहेत! शेवटी ती बाई घागर तेथेच टाकून गावात जाते, लोकांना सांगते, आणि तिच्या सांगण्यावरून गाव येते. 

उपासक-उपासिकांनो, ही कथा ऐकताना आपल्याला आनंद आणि प्रकृती आठवल्याशिवाय राहील का? मातंग कन्या पाणी भरीत असते. भिक्खू आनंद तिच्याकडे पाणी मागतो. ती म्हणते, मी हीन जातीची. तो म्हणतो, मी पाणी मागितले, जात नाही. ज्यांना १९२७ साली चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी महाडला जावे लागले, त्यांना या दोन्ही विहिरींचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. आणि उन्हाळ्यात आपल्या तालुक्यातल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन घाट चढतात, त्यांनाही नाही.

येशूनंतर पौल आला. चर्चची घडी त्याच्या पत्रांनी बसविली. गलतीकरांस लिहिताना तो म्हणतो की ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हा भेद उरत नाही. रोमकरांस लिहिताना फिबी, प्रिस्किला, युनिया या स्त्रियांचा तो मानाने उल्लेख करतो. आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात बायांनी मंडळीत गप्प राहावे असे वाक्य येते. मावशीला सांगितलेले वचन हेच. गंमत अशी की त्याच पत्रात तीन अध्याय आधी, स्त्री प्रार्थना करताना आणि संदेश देताना डोके झाकून असावी असे सांगितले आहे. गप्प राहायचे तर संदेश कोण देणार? तीमथ्याच्या पहिल्या पत्रात तर स्त्रीने पुरुषाला शिकवू नये, कारण हव्वा फसली, असे कारण दिले आहे. हे पत्र पौलाचे नसून मागाहून कोणीतरी त्याच्या नावाने लिहिले, असे अनेक ख्रिस्ती अभ्यासकच आज मानतात. आणि त्या युनियाचे काय झाले? प्रेषितांमध्ये गणली गेलेली बाई कशी असेल, म्हणून काही भाषांतरकारांनी तिचे नाव पुरुषाचे करून टाकले. ग्रंथ तोच, पण भाषांतर करणाऱ्या हाताने बाईचा बाप्या केला.

येथे आमच्या आजच्या विषयाचा खरा गाभा आहे. तो समजण्यासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. आपल्या महाराष्ट्रातच ती स्त्री होऊन गेली. पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना लोकांचा रोष सोसावा लागला. दुष्काळात आईवडील गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी या तरुण मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तिने शास्त्रे वाचली आणि पुढे १९०७ साली आपल्या साक्षीत लिहून ठेवले की या ग्रंथांचे आपसात कशावरही एकमत नाही, दोन गोष्टींवर मात्र सर्वांचे एकमत आहे, स्त्रिया, मग त्या उच्च जातीच्या असोत वा नीच जातीच्या, वाईट आहेत, आणि त्यांना पुरुषांप्रमाणे मोक्ष मिळू शकत नाही. बंधू-भगिनींनो, एका ब्राह्मण विदुषीने हे शास्त्रे तोंडपाठ असताना लिहिले आहे!

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमधील फुलम येथे ख्रिस्ती भगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करताना त्यांनी पाहिल्या. हे तुम्ही का करता, असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना शोमरोनी बाईची कथा सांगितली. होय, तीच विहिरीवरची कथा. रमाबाईंनी लिहिले आहे की त्या कथेने त्यांच्या मनाला वळण दिले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे लहानग्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला. जोतीरावांनी मात्र १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली.

पण कथा येथे संपत नाही. रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकू-शिकवू लागल्या. त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे अशी सूचना पुढे आली, तेव्हा चर्चच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानातल्या लोकांना बाईने पुरुषांना शिकविलेले रुचणार नाही, असे ते म्हणाले. रमाबाईंनी उत्तर दिले की माझ्या वडिलांनी किंवा माझ्या पतीने मला कधी पुरुषांना शिकविण्यास मज्जाव केला नाही, आणि आता तुम्ही करता याचे नवल वाटते. अमुक मानावेच असा आग्रह झाला तेव्हा त्यांनी स्पष्ट कळविले की एका पुरोहितवर्गाचे जोखड महत्प्रयासाने फेकले ते दुसरे मानेवर घेण्यासाठी नव्हे. मला माझी विवेकबुद्धी आहे.

ज्या विहिरीने त्यांना बोलाविले, तिच्याच काठावर पहारेकरी उभे होते. रमाबाईंनी विहीर सोडली नाही आणि पहारेकऱ्यांचे ऐकलेही नाही. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, पुढे केडगावला मुक्ती सदन. दुष्काळातून शेकडो मुली व बाया त्यांनी आणल्या. आणि आयुष्याच्या उत्तरार्धात एक अवघड काम हाती घेतले. उतारवयाकडे झुकल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. प्रचलित मराठी बायबलाची भाषा संस्कृतप्रचुर, साध्या बाईला न कळणारी, म्हणून मूळ भाषांवरून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल त्यांनी एकटीने उतरविले. मुक्ती सदनातल्या बायकांनीच खिळे जुळविले, त्यांनीच छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. १९२४ साली ते बायबल बाहेर पडले. बायांनी गप्प राहावे असे वाक्य ज्या ग्रंथात आहे, तो ग्रंथ बाईने भाषांतरिला आणि बायांनी छापला. आमच्या मते ग्रंथाला याहून मोठे उत्तर नाही.

आपल्या नाशिक जिल्ह्यातील जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक याच वाटेने गेल्या. पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई मागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षे वेगळ्या राहिल्या, स्वतः विचार केला, आणि १९०० साली स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. त्यांची 'स्मृतिचित्रे' सर्वांनी वाचावीत.

ग्रंथाची सावली कायद्यावरही पडते. ख्रिस्ती लोकांसाठी १८६९ साली इंग्रजांनी घटस्फोटाचा कायदा केला. पत्नीचा व्यभिचार सिद्ध झाला की पतीला घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र व्यभिचारासोबत क्रूरता किंवा आणखी काही सिद्ध करावे लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने या भेदाला नकार दिला, आणि २००१ साली संसदेने कायदा बदलला. केरळात मेरी रॉय या बाईने बापाच्या मिळकतीतील वाट्यासाठी सर्वोच्च न्यायालयात लढा दिला आणि १९८६ साली जिंकला. तोवर तेथील जुन्या त्रावणकोर कायद्याने मुलीचा वाटा मुलाच्या चौथाई किंवा पाच हजार रुपये, यांत जे कमी असेल तेवढाच होता. सलाफहादाच्या मुली तीन हजार वर्षांनी पुन्हा सभेत उभ्या राहिल्या असेच म्हणावे लागेल. कॅथलिक चर्चने स्त्रीला पुरोहितपद देता येत नाही असे १९९४ साली पुन्हा बजावले. परंतु ज्या इंग्लंडच्या चर्चमधील बिशपांनी रमाबाईंना अडविले, त्याच चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरुपदासाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये सारा मुलॅली या स्त्रीची निवड जाहीर झाली. 

आता आपल्याकडे वळू. कारण दुसऱ्याचा ग्रंथ उलगडून आपला कपाटात ठेवणे हे बुद्धाच्या अनुयायांना शोभत नाही. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, असे कालामांना सांगणारा आपला शास्ता. २५ डिसेंबर १९२७ रोजी, नाताळच्याच दिवशी, महाडला मनुस्मृती जाळणारी आपली माणसे.

महाप्रजापती गौतमी पायी चालत वैशालीला गेली आणि भिक्खुणी संघ उभा राहिला. थेरीगाथेत त्याहत्तर गाथा-प्रकरणे स्त्रियांच्या नावाची आहेत. त्यांतील पुण्णिका ही पाणी भरणारी दासी. नदीत स्नान करून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते, मग बेडूक आणि कासव सारे स्वर्गात जात असतील का? हे आपण अभिमानाने सांगतो. पण विनयात आठ गरुधम्मही आहेत. शंभर वर्षे दीक्षित असलेल्या भिक्खुणीने आजच दीक्षा घेतलेल्या भिक्खूला वंदन करावे, हा त्यांतला पहिला. बाबासाहेबांनी हे प्रश्न टाळले नाहीत. १९५१ साली 'महाबोधी' मासिकात लेख लिहून त्यांनी स्त्रीविषयीची आनंदाशी झालेली बोलणी तपासली, ती बुद्धाची नसून मागाहून भिक्खूंनी घुसडली असे दाखविले. म्हणजे बाबासाहेबांनीही हेच विचारले की हे लिहिताना लेखणी कोणाच्या हातात होती? थेरवादी देशांत भिक्खुणी संघ शेकडो वर्षे खंडित राहिला, आणि १९९६ साली सारनाथला श्रीलंकेच्या स्त्रियांनी दीक्षा घेतली तेव्हाही त्याला विरोध झालाच. 

मग त्या मावशीच्या प्रश्नाचे उत्तर काय? आपल्या विहारात कोण सांगते? त्रिसरण-पंचशील बायका सुरात म्हणतात. खीर त्या करतात, सतरंज्या त्या झटकतात. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ग्रंथाचे वाचन मात्र पुरुष करतात. कार्यकारिणीच्या यादीत आम्ही नजर टाकली, एकही उपासिका नाही. आपल्याकडे गप्प राहा असे कोठे लिहिलेले नाही. न लिहिताच आपण ते पाळतो.

आणि व्यासपीठावरून एवढे बोलल्यावर स्वतःचे सांगितले नाही तर ते शील होणार नाही. वडील वारल्यावर गावचे घर आणि जमीन भावांच्या नावे करताना आम्ही बहिणीची हक्कसोडीवर सही घेतली. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला बरोबरीचा हक्क मिळाला हे आम्हाला ठाऊक होते. तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. अनुसूचित जमातींना तो लागू नाही, म्हणजे मावशीजवळ जो कायदा नाही तो आमच्या बहिणीजवळ होता. बहीण सातवी शिकलेली, तिला वाचता येते. पण आम्ही कागद तिच्या हाती दिला नाही. बोट ठेवून "इथं" म्हणालो, तिने सही केली आणि सर्वांसाठी चहा ठेवायला आत गेली. बँकेत आम्ही रोज लोकांना सांगतो, वाचल्याशिवाय सही करू नका. या व्याख्यानाची तयारी करताना गेल्या महिन्यात आम्ही तो कागद घेऊन बहिणीकडे गेलो आणि म्हणालो, ताई, आधी वाच. ती बराच वेळ वाचत राहिली. मग म्हणाली, "हे तेव्हा का नाही दिलंस?" तिच्या वाट्याचे काय करायचे हे आता तीच ठरवील. आमचे बोट मध्ये येणार नाही.

ख्रिस्ती ग्रंथात स्त्रीला कमी लेखणारी वचने आहेत, आणि तिला उभे करणारीही आहेत. कोणती मोठ्याने वाचली जातील हे ग्रंथ हाती असणारा ठरवितो. रमाबाईंनी ग्रंथ स्वतःच्या हाती घेतला. बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याची शिकवण दिली. ती मोजपट्टी आपल्या विहाराला लावायची असेल तर मंडळाला आमची एकच विनंती आहे. येत्या रविवारपासून ग्रंथवाचन उपासिकांनी करावे, अर्थही त्यांनीच सांगावा. आम्ही पुरुषांनी सतरंज्या घालाव्यात आणि ऐकावे. पहिल्या रविवारी, मान्य असेल तर, त्या मावशीलाही बोलवावे. तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिला कानांनी ऐकू द्यावे.



भवतु सब्ब मंगलं! जयभीम! नमो बुद्धाय!